पलटणीच्या आठवणी आणि त्यांच्या नोंदी

विजय दिन, म्हणजे १६ डिसेंबर, जवळ आला की सैनिकी घराण्यांतून येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते. या वेळची बहुतेक पत्रे १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात ११ डिसेंबर रोजी आजच्या बांगलादेशातील टांगाईल येथे विमानांतून छत्रीने (पॅराशूटने) घेतलेल्या उडीविषयी आणि ती घेणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनविषयी, म्हणजे २ पॅराविषयी, आहेत. या पलटणीचे मूळ मराठा लाइट इन्फंट्रीत असल्यामुळे मुंबई, कोकण आणि साताऱ्यातील अनेक घरांचा तिच्याशी संबंध आहे. म्हणून या अंकात आम्ही त्याच विषयाची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वडील २ पॅरामध्ये पॅराट्रूपर होते आणि टांगाईलला उतरले होते. ते आता हयात नाहीत. त्यांच्या बरोबरीचे काही जण मुंबईत, तर काही गावी आहेत. दर १६ डिसेंबरला ते जमतात, परंतु येणाऱ्यांची संख्या कमी होत चालली आहे. आम्ही पाच-सहा घरांतील मुले मिळून एक स्मरणिका काढण्याच्या विचारात आहोत. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : स्मरणिका अवश्य काढा, परंतु ती शेवटी. स्मरणिकेपासून आरंभ केला की मान्यवरांचे शुभसंदेश आणि जाहिराती मिळवण्यातच सहा महिने जातात, आणि ज्यांच्याकडून ऐकायचे असते ते तोवर अंथरुणाला खिळतात. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. तेव्हा या महिन्यात पहिले काम एकच : प्रत्येकाच्या घरी जाऊन, त्याला एकट्याला बसवून, त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे. त्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. आरंभी आपण स्वतः तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा, कंपनी व प्लाटून स्पष्ट उच्चारावे, कारण दहा वर्षांनी त्या फाइलमधील आवाज कोणाचा, हे सांगणारे कोणी उरलेले नसेल.

एकट्याला बसवण्यामागे कारण आहे. मेळाव्यात सुभेदार साहेब बोलू लागले की शिपाई गप्प बसतो, आणि त्यांनी चार वेळा सांगितलेली हकीकत पाचव्या वर्षी सर्वांचीच हकीकत होऊन जाते. सगळ्यांना एकत्र जरूर बसवावे, परंतु एकेकट्याचे सांगणे आधी हाती असले पाहिजे. दोन जणांच्या सांगण्यात फरक पडला तर तो मिटवू नये. एक म्हणेल की सामान तळ्यात पडले, दुसरा म्हणेल शेतात. त्या दिवशी काही अवजड सामान खरोखर तळ्यांत पडले होते आणि काही शेतांत विखुरले होते, व ते गोळा करायला आसपासचे गावकरी धावून आले होते, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. दोन्ही जबान्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

काय विचारावे, हा यापुढचा प्रश्न. ‘तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘काही नाही, हुकूम होता, गेलो’ एवढेच उत्तर देतात. त्याऐवजी असे विचारावे : विमान कोणते होते? अंतोनोव-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डाकोटा अशी निरनिराळी विमाने त्या दिवशी वापरली गेली, आणि आपण कशातून उडी मारली हे माणूस सहसा विसरत नाही. दाराशी आपल्या पुढे कोण होते आणि मागे कोण? एका दारातून ओळीने उडी मारणाऱ्या जवानांच्या रांगेला पलटणीत ‘स्टिक’ म्हणतात, आणि प्रत्येकाला निदान आपल्या पुढच्याची पाठ आठवते. अशा पाच-सात जणांची उत्तरे जुळवली की एका विमानातील बरीचशी यादी तयार होते, आणि ज्यांच्याविषयी कोणीच कधी काही लिहिले नाही अशा जवानांची नावे तिच्यात येतात. आमच्या मते, स्मरणिकेतील कोणत्याही लेखापेक्षा अशी यादी अधिक मोलाची ठरेल.

आपल्याजवळ मूळ घटनेचा सांगाडा मात्र पक्का असावा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅराचा बटालियन गट ढाक्याच्या वायव्येस टांगाईलजवळ उतरला. मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ९३ व्या ब्रिगेडची (ब्रिगेड म्हणजे काही बटालियनांचे मिळून झालेले दल) वाट पुंगली पुलापाशी अडवणे, हे त्यांचे काम होते. जमिनीवर बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कादर सिद्दीकी यांच्या मुक्तिसैनिकांचे साह्य होते. उत्तरेकडून लढत आलेली १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण, पुंगलीपाशी त्यांना येऊन मिळाली. एकेकाळी मराठा असलेली पलटण आकाशातून आणि आजही मराठा असलेली पलटण रस्त्याने, अशा दोघी एका पुलावर भेटल्या. ही भेट ज्यांनी पाहिली असे लोक आपल्याला दोन्ही बाजूंनी शोधता येतील, आणि जंगी पलटणीची घरे मुंबईत शोधणे तुलनेने सोपे आहे. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय तुकड्यांतही २ पॅराचे जवान होते.

आणखी एक सूचना. ‘बटालियन गट’ या शब्दांत केवळ पायदळ येत नाही. तोफखाना, सॅपर्स (लष्करी अभियंते), वैद्यकीय पथक असे सर्व त्यात होते. २ पॅरा ज्या पॅरा ब्रिगेडमध्ये होती, त्या ब्रिगेडची ४११ फील्ड कंपनी ही खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे तिचा शोध पुण्या-मुंबईतच घेता येईल. मेळाव्याच्या यादीत ही माणसे क्वचितच असतात, कारण यादी पलटणीच्या नावाने केलेली असते.

प्रश्न : टांगाईलच्या उडीचे म्हणून एक छायाचित्र सर्वत्र दिसते. आकाश छत्र्यांनी भरून गेलेले आहे. आमच्या घरी ते चौकटीत लावलेले असून त्यातील एक छत्री बाबांची, असे आम्ही लहानपणापासून पाहुण्यांना सांगत आलो आहोत. त्याची मूळ प्रत कोठे मिळेल?
— एक वाचिका, दादर

उत्तर : आपले मन दुखावणारे उत्तर द्यावे लागत आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लष्कराच्या जनसंपर्क विभागाने वृत्तपत्रांना दिलेले आणि जगभर छापले गेलेले छायाचित्र टांगाईलचे नव्हते. ते आधीच्या एका सरावाचे होते आणि त्या सरावात सबंध ब्रिगेडने उडी घेतली होती. ते पाहून परदेशी वृत्तमाध्यमांनी सुमारे ५,००० छत्रीधारी उतरल्याचे सांगितले, आणि ढाक्यातील पाकिस्तानी सेनानींच्या मनावर त्या आकड्याचा परिणाम झाला, असे पुढे अनेकांनी नमूद केले आहे. प्रत्यक्षात उतरला तो एक बटालियन गट. युद्धकाळातील प्रचाराच्या दृष्टीने ती चलाखी नामी ठरली. कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती आजवर घोटाळा करीत आहे.

याचा अर्थ चौकट भिंतीवरून उतरवा असा नव्हे. आपले वडील त्या काळात या ब्रिगेडमध्ये असतील तर त्या सरावातही त्यांनी उडी घेतली असण्याची शक्यता आहे, आणि मग ती छत्री त्यांची असूही शकेल. फक्त मागच्या बाजूला एक कागद चिकटवून हे सारे लिहून ठेवावे : छायाचित्र कोणते, घरात ते काय म्हणून सांगितले जात असे आणि आता काय कळले आहे. नातवंडांना दोन्ही कळू द्यावे.

प्रश्न : आमची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. वडील पॅरा ब्रिगेडमध्ये होते. आम्ही तिच्याकडून काही लिहून घ्यावे म्हटले तर ती म्हणते, ‘मला काय विचारता, मी थोडीच युद्धावर गेले होते, त्यांच्या दोस्तांना विचारा.’ तिला बोलते कसे करावे? आणि तिच्या आठवणी पलटणीच्या इतिहासात बसतात का?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बसतात, आणि त्या नसतील तर तो इतिहास अर्धा राहतो. जवानाला युद्धात आपल्यासमोरचे शंभर हात दिसतात. त्याच काळात त्याच्या पलटणीचे दुसरे रूप मुंबईच्या चाळींत आणि गावच्या घरांत पसरलेले असते, आणि ते पाहणारी माणसे म्हणजे आपल्या आईसारख्या स्त्रिया. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांच्या काचांवर काळे नाहीतर खाकी कागद चिकटवलेले असत आणि भोंगा वाजला की दिवे मालवत. ज्या घरातील माणूस आघाडीवर होता, त्या घरात त्या अंधारात कोण कोण बसे, रेडिओ कोणाकडे होता, बातम्या ऐकायला कोणाच्या खोलीत जावे लागे, तारवाला जिना चढताना दिसला की काय होई, हे दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.

आईंना ‘युद्धाविषयी सांग’ असे म्हणू नये. त्यांना वस्तू दाखवाव्यात. जुनी पत्रे असतील तर त्यांपासून सुरुवात करावी. सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसे, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढेच असे. पूर्वेकडे गेलेल्यांचा पत्ता ५६ चा ९९ झाला की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न कोणता आला, एवढेच विचारून पाहावे. पत्र कोण वाचून दाखवी, उत्तर कोण लिही, मनीऑर्डर दर महिन्याच्या कोणत्या सुमारास येई आणि युद्धाच्या महिन्यात ती आली का, गावी सासूबाईंकडे किती जाई आणि मुंबईत किती उरे, असे हिशेबाचे प्रश्न विचारले की त्या पिढीच्या स्त्रिया मोकळेपणाने बोलतात. हिशेब हा त्यांचा स्वतःचा प्रांत होता आणि त्यात नवऱ्याच्या दोस्तांना विचारण्याजोगे काही नसते.

दुसरे असे की, त्यांना इतर घरांविषयी विचारावे. पलटणीतील बायकांचा एकमेकींशी असलेला संबंध पुरुषांच्या मेळाव्यांपेक्षा पुष्कळदा चिवट असतो. कोणाचा नवरा परतला नाही, त्या वहिनी पुढे कोठे गेल्या, दिराने घर दिले की माहेरी जावे लागले, पेन्शनीचे कागद कोणी भरून दिले, हे त्यांना ठाऊक असते. मेळाव्याच्या व्यासपीठावर वीरपत्नीला शाल आणि श्रीफळ दिले जाते, आणि तिला चार वाक्ये बोलू देण्याची आठवण आयोजकांना क्वचितच होते. आपण ती ठेवावी.

पत्रे आणि कागद यांविषयी एक विनंती : लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये. साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात उलगडून ठेवावीत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पोस्टाच्या शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक व तारीख असते. पलटण त्या दिवशी कोठे होती हे पुढे कोणा अभ्यासकाला त्यावरून काढता येते, म्हणून तिकिटासाठी पाकीट कापू नये.

प्रश्न : २ पॅराचा इतिहास लिहिताना व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचे नाव त्यात घालावे का, यावर आमच्या मंडळात वाद आहे. त्यांनी तर कधी छत्रीने उडी मारली नव्हती.
— एक वाचक, परळ

उत्तर : घालावे, परंतु योग्य जागी आणि योग्य नावाने. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले तेव्हा ते ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. सेक्शनमधील सर्व सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली आणि मॅगझीन बदलण्यास अवधी उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केले. महायुद्धानंतर हीच तिसरी बटालियन छत्रीधारी झाली, ३ पॅरा (मराठा) या नावाने १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ५० पॅरा ब्रिगेडमधून लढली, आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी बटालियन झाली. झांगड येथे ३ जुलै १९४८ रोजी हुतात्मा झालेले ब्रिगेडिअर महंमद उस्मान हे याच ५० पॅरा ब्रिगेडचे प्रमुख होते. तेव्हा घाडगे हे या पलटणीचे पूर्वज ठरतात. ‘२ पॅराचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते’ असे मात्र लिहू नये. ते चूक आहे, आणि माणगावकरांनाही ते रुचणार नाही.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. ‘बर्माच्या बाजूला ते पॅरावाल्यांबरोबर लढले’, असे आजी सांगत असे. पण त्या काळी आपले छत्रीधारी होते का? कागदपत्र काहीच नाही.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : होते. ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड १९४१ मध्ये उभारली गेली. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील उखरूलजवळ सांगशाक येथे या ब्रिगेडने, पायदळ म्हणूनच, कोहिमाकडे निघालेल्या जपानी सैन्याला काही दिवस रोखून धरले. पाण्याची टंचाई होती आणि विमानांनी टाकलेल्या रसदीपैकी बरीचशी शत्रूच्या हाती पडत होती. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी वेढ्यातून वाट काढली. या लढाईत ब्रिगेडच्या बरोबरीने ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. आजींचे वाक्य याच्याशी जुळते. जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, परंतु शोध कोठून सुरू करावा हे त्यावरून कळते.

आजोबांचा सैनिकी क्रमांक मिळवणे ही पहिली पायरी. तो डिस्चार्ज बुकात, पेन्शनीच्या कागदावर किंवा जुन्या जमीन-दाखल्यांच्या अर्जांतही सापडतो. क्रमांक, पूर्ण नाव, गाव व तालुका देऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे वारसाच्या नात्याने अर्ज करावा. मुंबईतील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाचा मजकूर कसा असावा याविषयी मार्गदर्शन करू शकेल. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत फक्त मृतांची नावे असतात, त्यामुळे आजोबा परतले असतील तर ते तेथे मिळणार नाहीत. त्यांचे सोबती मात्र मिळतील, आणि त्यांतील कित्येकांपुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या गावांची नावे दिलेली दिसतील. त्यांपैकी एखादे गाव आपल्याच तालुक्यातील निघाल्यास तेथील वृद्धांना जाऊन भेटावे.

प्रश्न : चाळीचा पुनर्विकास होत असून तीन महिन्यांत खोली रिकामी करायची आहे. वडिलांची काळी पेटी आणि पदके यांचे काय करावे? कोणत्या संग्रहालयाला द्यावीत?
— एक वाचक, करी रोड

उत्तर : घाईत कोणालाही काहीही देऊ नये. पेटी आतून-बाहेरून पाहावी. झाकणावर पांढऱ्या रंगात क्रमांक, हुद्दा, नाव आणि पत्ता लिहिलेला असतो, आणि बढती किंवा बदली झाली की जवान जुन्या अक्षरांवर काळा हात मारून नवी अक्षरे काढत असे. तिरप्या प्रकाशात पाहिल्यास खालची अक्षरे फुगीर दिसतात. ‘नाईक’च्या खाली ‘लान्स नाईक’, त्याच्या खाली आणखी एखाद्या ठिकाणाचे नाव, असा सबंध नोकरीचा क्रम एका झाकणावर सापडू शकतो. म्हणून खोली सोडण्यापूर्वी बॅटरीचा उजेड बाजूने टाकून छायाचित्रे घ्यावीत, आणि कृपा करून भंगारात देण्याआधी किंवा माळ्यावर चढवण्याआधी नवा रंग लावू नये.

पदके चिंचेने किंवा रांगोळीने घासू नयेत. १९७१ च्या पदकांत ‘संग्राम पदक’ आणि पूर्व आघाडीसाठीचा ‘पूर्वी स्टार’ असेल. आपल्याकडील पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते आणि घासून ते पुसट होते. देणगीचा विचार कुटुंबाने एकत्र बसून करावा. पॅराशूट रेजिमेंटचे केंद्र बंगळूरला आहे, तेथे पत्र लिहून आधी विचारावे, लेखी पोच घ्यावी, आणि देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र व तिची हकीकत आपल्याकडे ठेवावी. हकीकतीविना दिलेले पदक संग्रहालयात इतर पदकांपैकी एक होऊन बसते. ध्वनिमुद्रणांची एक प्रत ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाला पाठवण्याचाही विचार करावा. ते १९९६ पासून कार्यरत असून अशा तोंडी जबान्यांना तेथे स्थान आहे.

प्रश्न : पलटणीची अधिकृत युद्धदैनंदिनी सामान्य माणसाला पाहता येते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धदैनंदिन्या व तत्सम अभिलेख साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे आहेत, आणि त्याहून जुने अभिलेख तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायचे आहेत. धोरण झाले म्हणजे कागद हाती आला असे नाही, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. अर्ज करून ठेवावा आणि त्याची वाट पाहत मुलाखती थांबवू नयेत.

प्रश्न : आम्ही मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पलटणीच्या कुटुंबांचा गट केला आहे. त्यात सध्या सेवेत असलेल्यांचीही छायाचित्रे येऊ लागली आहेत. हे चालेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : चालणार नाही. २ पॅरा ही आज स्पेशल फोर्सेसची बटालियन आहे. सेवेतील कोणाचेही छायाचित्र, ठिकाण अथवा हालचाल गटावर नको, आणि निवृत्तांचे पेन्शन क्रमांक व पत्तेही नकोत, कारण अशा याद्या पाहून वृद्ध निवृत्तांना फसवणुकीचे फोन येतात. गटाचा उपयोग ‘कोण कोठे आहे आणि कोणाला भेटायचे राहिले आहे’ एवढ्यापुरता ठेवावा, आणि मुलाखतींच्या फाइली गटावर न टाकता दोन निरनिराळ्या घरांतील दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात.